थंडीचे शहर सोडताना : उन्हाच्या आधी पाण्याचा विचार

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : स. न. वि. वि. गेली चौदा वर्षे आम्ही शिकागोजवळ नेपरविल येथे राहत आहोत. यजमानांना ह्यूस्टनला नोकरी मिळाली असून मुलांची शाळा संपली की जूनमध्ये तिकडे जायचे ठरले आहे. माझे माहेर चिपळूणचे, त्यामुळे घाम आणि उकाडा मला नवा नाही. पण इतक्या वर्षांत अंगाची ती सवय मोडली आहे. सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेतात. त्यांना तिथला उन्हाळा सोसेल का, ही मोठी काळजी आहे. दुसरे असे की, इथले घर विकून तिथे लगेच घर घ्यावे की वर्षभर भाड्याने राहावे, आणि घर पाहताना नेमके काय पाहावे? हिवाळ्याचे जाड कपडे देऊन टाकावेत असे मनात आहे. तेवढेच सामान कमी होईल.
— एक वाचक, नेपरविल

उत्तर : मी स्वतः शिकागोहून ह्यूस्टनला आले, तेव्हा माझ्याही मनात उन्हाचीच धास्ती होती. आज मागे वळून पाहताना वाटते की, त्या वेळी कोणीतरी मला सांगायला हवे होते, ‘उन्हाची तजवीज होते, तू पाण्याचा विचार आधी कर.’ हवेत भरून राहिलेले पाणी आणि पुराचे पाणी, या दोन गोष्टींनीच इथल्या घरांचे आणि माणसांचे सर्वांत जास्त हाल केले आहेत. म्हणून तुमच्या तिन्ही शंकांना मी त्याच अंगाने उत्तर देणार आहे.

आधी सासूबाईंविषयी. शिकागोत ३० जानेवारी २०१९ रोजी पारा उणे ३० अंश सेल्सियसपर्यंत उतरला होता, ते दिवस तुम्ही काढले आहेत. ह्यूस्टनला जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी सरासरी ३५ अंशांच्या आसपास तापमान असते आणि ऑगस्ट २०२३ मध्ये ते ४३ अंशांपर्यंत गेले होते. नागपूर-अकोल्याच्या माणसाला हे आकडे काही विशेष वाटणार नाहीत. परंतु तिथला उन्हाळा कोरडा असतो आणि इथला मेक्सिकोच्या आखातावरून येणाऱ्या दमट हवेचा असतो. घाम वाळतच नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग निवत नाही. रात्रीही तापमान फारसे उतरत नाही. चिपळूणचा मे महिन्याचा शेवटचा आठवडा, पावसाने हूल दिलेला, आठवून पाहा. तसे दिवस इथे चार महिने असतात.

निरोगी माणसाचे शरीर उष्णतेला साधारण एक ते दोन आठवड्यांत सरावते. वय झालेल्या माणसाला याहून अधिक वेळ लागतो, शिवाय उतारवयात तहानेची जाणीवही मंदावते. रक्तदाबाच्या औषधांत लघवीवाटे पाणी आणि क्षार बाहेर टाकणारी गोळी असेल, तर उन्हाळ्यात अंगातले पाणी पटकन कमी होऊन उभे राहताना भोवळ येऊ शकते. तेव्हा नेपरविलच्या डॉक्टरांची निघण्यापूर्वी एकदा मुद्दाम भेट घ्या, आपण दमट आणि उष्ण गावी जात आहोत हे त्यांना स्पष्ट सांगा आणि गोळीचे प्रमाण बदलायचे का, पाणी किती प्यायचे, हे त्यांच्याकडून लिहून घ्या. स्वतःच्या मनाने गोळी कमी करू नका किंवा बंदही करू नका. नव्या गावात नव्या डॉक्टरांची पहिली भेट मिळायला वेळ लागतो, म्हणून तीन महिन्यांची औषधे आणि तपासण्यांचे कागद जवळ असू द्या.

शक्य असेल तर जूनऐवजी मार्चमध्ये त्यांना आधी आणून ठेवा, असे मी सांगितले असते. पण मुलांच्या शाळेमुळे ते जमणार नाही. मग पहिले दोन आठवडे त्यांचे फिरणे सकाळी सातच्या आत आटोपेल असे पाहा आणि फिरण्याची वेळ रोज थोडी थोडीच वाढवा. एक गोष्ट मात्र मला मनापासून सांगावीशी वाटते. नेपरविलला नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत बर्फावर पाय घसरेल या भीतीने तुम्ही त्यांना घराबाहेर सोडत नसाल. ह्यूस्टनला नेमके तेच महिने बाहेर पडण्याचे असतात. माझ्या आईने शिकागोतले तीन हिवाळे खिडकीशी बसून काढले होते. इथे आल्यावर डिसेंबरच्या दुपारी ती एकटी कोपऱ्यापर्यंत चालत जाऊन आली, तो दिवस आमच्या घरात अजून आठवला जातो. वर्षाचे गणित इथे उलटे असते एवढेच: उन्हाळा घरात काढायचा आणि हिवाळा बाहेर. पहिला उन्हाळा त्यांना कोंडल्यासारखा जाईल, तेव्हा ऑक्टोबरपर्यंत धीर धरायचा आहे हे त्यांना आधीच सांगून ठेवा. शाल मात्र त्यांच्या पिशवीत बारा महिने असू द्या, कारण इथली दुकाने आणि दवाखाने आतून अतिशय थंड ठेवलेले असतात.

आता घराकडे वळते. शिकागोत घराचा जीव तळघरातल्या भट्टीत असतो; ह्यूस्टनला तो माळ्यावरच्या वातानुकूलन यंत्रात असतो. तिकडे हिवाळ्यात हवा कोरडी पडते म्हणून आपण घरात ओलावा सोडतो, इथे ओलावा बाहेर काढणे हेच मुख्य काम असते. म्हणून यंत्र जितके मोठे तितके चांगले, हा समज इथे महागात पडतो. गरजेपेक्षा मोठे यंत्र घर झटकन थंड करून बंद पडते, आणि हवेतले पाणी काढायला त्याला पुरेसा वेळच मिळत नाही. मग घर थंड पण ओलसर राहते, कपाटातल्या चपला-पट्ट्यांवर बुरशी धरते आणि रेशमी साड्यांना वास येऊ लागतो. दहा-बारा डॉलरचा आर्द्रतामापक आणून बैठकीच्या खोलीत ठेवा. काटा ५० टक्क्यांच्या जवळपास असावा. तो सतत ६० च्या वर राहिला तर यंत्र दाखवून घ्या.

यंत्राने हवेतून काढलेले पाणी एका बारीक नळीने बाहेर जाते. ही नळी शेवाळाने तुंबते. तुंबली की पाणी खालच्या तबकात साठते आणि दुसऱ्या नळीने बाहेर पडू लागते. बांधणाऱ्यांनी ही दुसरी नळी बहुधा मुद्दाम एखाद्या खिडकीच्या वर काढलेली असते, म्हणजे ती गळू लागली की घरच्यांना दिसावी. मला हे ठाऊक नव्हते. आमच्या न्हाणीघराच्या खिडकीवर आठवडाभर पाणी ठिबकत होते आणि मी ते पावसाचे समजत होते; आठव्या दिवशी सकाळी छताच्या पांढऱ्या रंगावर ताटाएवढा पिवळा डाग उमटला आणि संध्याकाळपर्यंत छताचा तो तुकडा पिठासारखा भिजून मुलाच्या पलंगावर पडला. तेव्हापासून महिन्यातून एकदा पहिल्या नळीच्या तोंडातून कपभर पांढरे व्हिनेगर ओतायचे आणि त्याच दिवशी यंत्राची हवा गाळणारी जाळी बदलायची, हा नेम मी मोडलेला नाही. घर दाखवायला येणाऱ्यांना या दोन नळ्या कुठे उघडतात हे अवश्य विचारा.

वर्षभर भाड्याने राहावे की लगेच घर घ्यावे, याबद्दल माझे मत अगदी ठाम आहे: एक वर्ष भाड्याने राहा. जूनमध्ये येणाऱ्या माणसाला स्वच्छ हिरवळ, रुंद रस्ते आणि शिकागोच्या मानाने स्वस्त घरे दिसतात. कोणत्या रस्त्यावर गुडघाभर पाणी साचते ते दिसत नाही. अटलांटिक आणि आखातातल्या चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा असतो. तो एक हंगाम तुम्ही भाड्याच्या घरातून पाहा. मोठा पाऊस पडून गेला की आवडलेल्या वस्तीत गाडीने चक्कर मारा. एवढ्याने जे कळते ते कोणत्याही माहितीपत्रकात सापडत नाही.

तुम्ही चिपळूणच्या आहात, म्हणून हा विषय तुम्हाला फोड करून सांगण्याची गरज नाही. २२ जुलै २०२१ च्या वाशिष्ठीच्या पुरानंतर निळी रेषा आणि लाल रेषा हे शब्द तुमच्या माहेरी घरोघरी ऐकू आले असतील. आपल्याकडे लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी. इथल्या सरकारी पूरनकाशांतही शंभर वर्षांच्या पुराचा पट्टा असाच आखलेला असतो. या ‘शंभर वर्षां’नी लोकांची फार फसगत होते. त्याचा खरा अर्थ असा की, त्या जागी कोणत्याही एका वर्षी पूर येण्याची शक्यता एक टक्का असते. तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत हीच शक्यता २६ टक्क्यांपर्यंत जाते, म्हणजे चारांत एक. आणि हा झाला पट्ट्याच्या कडेचा हिशेब. आत सखल जागी धोका त्याहून अधिक असतो.

ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वे वादळाने ह्यूस्टन परिसरात काही ठिकाणी चार-पाच दिवसांत एक मीटरहून अधिक पाऊस पाडला. त्या वेळी जी घरे बुडाली, त्यांतली कितीतरी त्या पट्ट्याच्या बाहेर होती. शहराच्या पश्चिमेला अ‍ॅडिक्स आणि बार्कर नावाचे दोन जलाशय आहेत. १९२९ आणि १९३५ च्या पुरांनंतर, १९४० च्या दशकात ते बांधले गेले. एरवी ते कोरडे असतात, त्यांच्या पोटात बागा आणि मैदाने आहेत, आणि कडेने पुढे वस्त्या उभ्या राहिल्या. हार्वेच्या वेळी जलाशय भरले, पाणी मागे पसरले आणि हजारो घरांत शिरले. आपण जलाशयाच्या भरतीक्षेत्रात राहतो, हे त्यांतल्या अनेकांना त्या दिवशी प्रथम कळले. केटी या उपनगराकडे किंवा पश्चिम ह्यूस्टनला घर पाहत असाल, तर हा प्रश्न सर्वांत आधी विचारा. टेक्सासच्या कायद्यानुसार सप्टेंबर २०१९ पासून घर विकणाऱ्याने पूर्वी पाणी शिरले होते का आणि घर जलाशयाच्या किंवा पुराच्या क्षेत्रात येते का, हे लेखी सांगावे लागते. तो कागद सही करण्याच्या दिवशी हातात घेऊ नका. घर दुसऱ्यांदा पाहायला जाण्यापूर्वी मागवा आणि शांतपणे वाचा. शेजारच्या घराची कडी वाजवून ‘हार्वेत इथे पाणी कुठवर आले होते?’ असे विचारायलाही संकोच करू नका. लोक आनंदाने सांगतात, हात भिंतीला लावून उंची दाखवतात.

घराच्या नेहमीच्या विम्यात पुराचे नुकसान येत नाही. पुराचा विमा वेगळा घ्यावा लागतो. केंद्र सरकारच्या योजनेत इमारतीसाठी अडीच लाख डॉलर आणि घरातल्या सामानासाठी एक लाख डॉलर अशी कमाल मर्यादा आहे. भाडेकरूही सामानापुरता हा विमा घेऊ शकतो, आणि तुम्ही तो घ्यावा असे मी सुचवेन. महत्त्वाचे म्हणजे, सहसा हा विमा घेतल्यापासून ३० दिवसांनी लागू होतो. घरासाठी कर्ज घेतानाच तो काढला तर थांबावे लागत नाही. वादळ आखातात आल्यावर फोन करून उपयोग नाही. जूनमध्ये येणार असाल तर भाडेकरार झाला की, सामान खोक्यांत भरण्याआधी, हे काम उरका.

इथल्या घरांना तळघर नसते, ती थेट जमिनीवर ओतलेल्या काँक्रीटच्या पाट्यावर उभी असतात, आणि खालची चिकणमाती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या रानात चैत्रात हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे लगेच समजेल. दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यातून तिरपी गेलेली चीर, आपोआप उघडणारे किंवा घासणारे दार, विटांच्या भिंतीत पायरीसारखी उतरलेली भेग, ही पाया हलल्याची लक्षणे आहेत. असे घर घेण्यापूर्वी पाया तपासणाऱ्या अभियंत्याला स्वतंत्रपणे बोलवा.

कराविषयी थोडक्यात. इलिनॉयचा ४.९५ टक्के राज्य प्राप्तिकर सुटेल, कारण टेक्सासमध्ये तो नाही. पण मालमत्ता कर चांगलाच असतो. नव्या वस्त्यांत पाणी-मलनिस्सारणासाठी काढलेल्या कर्जाचा वेगळा करही त्यात मिळवला जातो, त्यामुळे एकूण दर घराच्या किमतीच्या दोन ते तीन टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. कर्जाच्या हप्त्याचा हिशेब करताना हा आकडा धरून करा. राहत्या घरासाठी शालेय करात किमतीच्या १,४०,००० डॉलरवर सूट मिळते. तिच्यासाठी जिल्ह्याच्या मूल्यांकन कार्यालयाकडे अर्ज करावा लागतो, तो विसरू नका.

राहिला कपड्यांचा प्रश्न. कृपा करून सगळे देऊन टाकू नका. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमध्ये कडाक्याची थंडी पडली, वीजनिर्मिती कोलमडली आणि ४५ लाखांहून अधिक घरांची वीज गेली. टेक्सासचे वीजजाळे बरेचसे स्वतंत्र आहे, शेजारच्या राज्यांकडून वीज आणण्याची सोय अगदी तुटपुंजी आहे. त्यामुळे ती पटकन परत आली नाही. इथल्या घरांत पाण्याचे नळ माळ्यातून आणि बाहेरच्या भिंतींतून नेलेले असतात, शिकागोसारखे थंडीपासून राखलेले नसतात. ते गोठून फुटले. सरकारी मोजणीप्रमाणे त्या दिवसांत २४६ माणसे गेली, त्यांत थंडीने गारठून गेलेली बरीच होती, आणि काही जण घरात किंवा गॅरेजमध्ये ऊब मिळवण्यासाठी पेटवलेल्या इंधनाच्या धुराने गुदमरून गेले. प्रत्येकी एक जाड कोट, टोपी, हातमोजे आणि घरातली दोन चांगली पांघरुणे जवळ ठेवा. बर्फ उपसायचे फावडे तेवढे देऊन टाका.

उन्हाळ्यात वीज जाण्याचा धोका याहून मोठा आहे. ८ जुलै २०२४ रोजी बेरिल वादळ आले, तेव्हा ह्यूस्टन परिसरात २२ लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली आणि कित्येकांना ती आठवडाभर मिळाली नाही. वादळात वाचलेली वृद्ध माणसे त्यानंतरच्या उकाड्यात दगावली. ७४ वर्षांच्या माणसाला घेऊन तुम्ही येत आहात, म्हणून दोन दिवसांपेक्षा जास्त वीज गेली तर सासूबाईंना कुठे न्यायचे, हे आल्या आल्या ठरवा: डॅलस किंवा ऑस्टिनला कोणी नातेवाईक-स्नेही असतील तर त्यांच्याशी आताच बोलून ठेवा. जनरेटर घेतलात तर तो घरापासून निदान वीस फूट लांब, उघड्यावर चालवायचा. गॅरेजचे दार उघडे ठेवूनही आत चालवायचा नाही.

प्रश्न : मी मिनिआपोलिसहून ह्यूस्टनला एकटा जात आहे. दहा वर्षांची जुनी गाडी सोबत न्यावी का, आणि तिथे नोंदणीचे काय करावे लागते?
— एक वाचक, मिनिआपोलिस

उत्तर : निघण्यापूर्वी गाडी वर उचलून खालचा भाग पाहून घ्या. रस्त्यावरच्या मिठाने ब्रेकच्या नळ्या आणि सांगाडा गंजलेला असेल, तर ती गाडी दोन हजार किलोमीटर नेण्यात अर्थ नाही. न्यायचीच असेल तर हिवाळ्याचे टायर तिथेच विकून टाका, उष्ण रस्त्यावर ते भराभर झिजतात. बॅटरी तीन वर्षांहून जुनी असेल तर बदला; थंडीत बॅटरी दगा देते हे आपल्याला दिसते, पण तिचे आयुष्य खरे तर उष्णतेने कमी होते. टेक्सासमध्ये राहायला आल्यापासून ३० दिवसांत गाडीची नोंदणी आणि ९० दिवसांत चालकपरवाना घ्यायचा असतो. खासगी गाड्यांची सुरक्षा तपासणी जानेवारी २०२५ पासून बंद झाली आहे, मात्र ह्यूस्टनच्या हॅरिस आणि लगतच्या फोर्ट बेंड जिल्ह्यांत धुराची चाचणी अजून द्यावी लागते.

प्रश्न : आमच्याकडे कुंडीतला कढीपत्ता आहे. बारा वर्षांपूर्वी दोन पानांचा होता, आता माझ्या खांद्याला लागतो. दर हिवाळ्यात त्याला दक्षिणेच्या खिडकीशी, दिव्याखाली जपले आहे. मुलीकडे टेक्सासमध्ये, ह्यूस्टनजवळच्या शुगरलँडला कायमचे राहायला जात आहोत, तर तो गाडीतून नेता येईल ना?
— एक वाचक, मिलवॉकी

उत्तर : तुमचे पत्र वाचून मला थोडा वेळ काही लिहिता आले नाही, कारण उत्तर ‘नाही’ असे आहे. कढीपत्ता लिंबू-संत्र्याच्या कुळातला आहे. त्याच्या कोवळ्या पालवीवर एक बारीक कीड वाढते आणि ती लिंबूवर्गीय झाडांना पिवळे करून मारणारा रोग पसरवते. टेक्सासच्या दक्षिण टोकाला संत्री आणि ग्रेपफ्रूटच्या मोठ्या बागा आहेत. त्या वाचवण्यासाठी या कुळातली झाडे बाहेरच्या राज्यांतून टेक्सासमध्ये आणायला बंदी आहे. फांदी किंवा रोप पिशवीत लपवून नेऊ, असा विचार मनात आला असेल तर तो सोडून द्या. एका कुंडीवरून गेलेली कीड शेजारच्या अंगणातल्या लिंबापर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही.

झाड मिलवॉकीतल्याच एखाद्या मराठी घरी द्या, आणि ज्याच्या घरी दक्षिणेची खिडकी आहे अशाच घरी द्या. दिव्याची वेळ, पाण्याचे प्रमाण, पाने कशी खुडायची हे त्यांना लिहून द्या. शुगरलँडला गेल्यावर स्थानिक रोपवाटिकेतून प्रमाणपत्र असलेले रोप घ्या. इथे ते बाहेर, अंगणात वाढते आणि तुम्ही बारा वर्षांत पाहिली नसेल अशी पालवी एका उन्हाळ्यात धरते. शेजाऱ्याने आपल्या झाडाचे रोप देऊ केले तरी नेण्याआधी विचारा, कारण राज्याच्या आतही काही जिल्ह्यांतून ही झाडे हलवण्यावर निर्बंध आहेत.

तुळशीला ही लिंबूवर्गीय झाडांची बंदी लागू नाही, पण मातीसकट कुंडी नेण्यापूर्वी टेक्सासच्या कृषी खात्याकडे चौकशी करा. त्यापेक्षा सुकलेल्या मंजिऱ्या कागदात बांधून नेणे सोपे. कढीपत्त्याचे नवे रोप मात्र पहिल्या वर्षी कुंडीतच राहू द्या आणि पारा शून्याकडे उतरू लागला की त्या रात्री आत घ्या. २०२१ च्या थंडीत माझे जमिनीतले झाड मुळापर्यंत काळे पडले होते. ते एप्रिलअखेर बुंध्यातून पुन्हा फुटले, पण तोवर मी ते उपटून टाकण्याच्या बेतात होते. तेव्हा तुमचेही कधी असे झाले, तर मे महिना उजाडेपर्यंत कुदळ हातात घेऊ नका.